औषधाचे बिल कोणाच्या खात्यात?

आपल्या घरी महिन्याला १०० युनिट वीज जळते असे धरा. दोन पंखे, एक फ्रिज, टीव्ही, चार दिवे आणि मोबाईलचे चार्जर. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे आपल्या एका घरासाठी महिन्याला ६०-७० किलो कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राख फार, जवळजवळ तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त. हिशेब केला तर एका घराच्या विजेमागे महिन्याला वीस-पंचवीस किलो राख उरते. विजेचे बिल आपल्या घरी येते. राखेची गोणी येत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी पडलेली असते.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॅट आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून थेट कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी आहे. ती एका वेळी १५०० मेगावॅट वीज मुंबईच्या बाजूला नेऊ शकते. मुंबई-ठाण्याच्या लोकांना वीज मिळू नये असे माझे म्हणणे नाही. तिथल्या झोपडपट्टीत आपलेच लोक राहतात आणि त्यांनाही पंखा लागतो. पण विजेसाठी साडेसातशे किलोमीटरची लाईन टाकता आली, राखेसाठी तशी लाईन कोणी टाकली नाही. काही राख सिमेंट कारखान्यांत जाते, काही विटांत जाते. उरलेली इथेच बंधाऱ्यात साठते. उन्हाळ्यात बंधारा सुकला आणि वारा सुटला की ती घरात येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर येते, झाकण नसलेल्या हंड्यात येते, बाळाच्या पाळण्यात येते. पावसाळ्यात दुसरी भीती. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला, तेव्हा राख शेतांत, नाल्यांत आणि पुढे नदीत गेली.

चंद्रपूरचे नाव आपल्यासाठी साधे नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. दरवर्षी आपण त्या दीक्षाभूमीवर जमतो, एक-दोन दिवस राहतो आणि परत जातो. तिथले उपासक-उपासिका मात्र बाराही महिने त्याच हवेत श्वास घेतात.

ही हवा खराब आहे हे आंदोलनवाल्यांनी उठवलेले नाही. सरकारी मोजमाप आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. शाळेत पोराला एवढे गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथे ७० च्या वर गेले की 'अतिप्रदूषित'. जानेवारी २०१० मध्ये अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांची मंजुरी थांबवली गेली, पुढे ती बंदी उठली. २०१८ ला परत गुण दिले तेव्हाही चंद्रपूर ७० च्या वरच होते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला, त्यात मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर आहेच. म्हणजे रोगाचे निदान कधीच झाले आहे. प्रश्न उपचाराचा आहे, आणि त्याहून आधी त्या उपचाराचे बिल कोण भरतो याचा आहे.

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून आधी शरीरात काय होते ते सांगते.

धूळ म्हणजे सगळी एकच नाही. जी डोळ्यांना दिसते, नाकात खाज आणते, ती बहुतेक नाकात आणि घशात अडकते. खोकल्याबरोबर, शेंबडाबरोबर बाहेर पडते. खरी त्रासदायक धूळ दिसत नाही. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे कण असतात, त्यांना पीएम २.५ म्हणतात. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. म्हणून धुरा-धुळीचा आजार फक्त खोकल्याचा नसतो. रक्तदाब, हृदयाचा झटका, लकवा, कमी वजनाचे बाळ या सगळ्यांशी त्याचा संबंध लागतो. या कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या देशाचे मानक ४० आहे. म्हणजे सरकारी कागदावर 'हवा ठीक' असे लिहिलेले असले, तरी ती जागतिक शिफारशीच्या आठपट असू शकते.

खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामात सिलिकाची धूळ असते. तिने फुप्फुस आतून जून होते, कडक होते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. अशा फुप्फुसात टीबी लवकर घुसतो. त्यामुळे होते काय, की माणसाला टीबीचे औषध सुरू होते, कोर्स पूर्ण होतो, थुंकी निगेटिव्ह येते, तरी दम जात नाही. घरचे म्हणतात औषध लागू पडले नाही. औषध लागू पडलेले असते. धुळीवर औषध नसते.

मी जीएनएम झाले आणि सतरा वर्षे वॉर्डात काम केले, त्यातली बहुतेक मेडिसिन वॉर्डात. तिथे रात्रीच्या पाळीला दम्याचे पेशंट कसे येतात ते मला कोणी सांगायला नको. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून, वाक्य पूर्ण न करता येणारे. आपण ऑक्सिजन लावतो, नेब्युलायझर देतो, इंजेक्शन देतो. सकाळी माणूस चहा मागतो, तिसऱ्या दिवशी सुटी होते. महिन्याभराने तोच माणूस परत. रजिस्टरमध्ये मात्र तो प्रत्येक वेळी नवा पेशंट असतो. निदान लिहिले जाते, औषधे लिहिली जातात. व्यवसायाच्या रकान्यात पुरुष असेल तर 'मजुरी' आणि बाई असेल तर 'गृहिणी'. पत्त्याच्या रकान्यात तालुक्याचे नाव.

आजचे माझे म्हणणे याच दोन रकान्यांबद्दल आहे.

'मजुरी' म्हणजे कुठली मजुरी? कोळसा हाताळणी विभागात पट्ट्याखाली सांडलेला कोळसा फावड्याने भरणारा मजूर आणि धानाची रोवणी करणारा मजूर, दोघेही मजूरच. बॉयलर बंद असताना आत उतरून राख काढणारा ठेका कामगार, रेल्वे सायडिंगवर डबे साफ करणारा, राखेच्या टँकरवर ताडपत्री बांधणारा, ओपनकास्ट खाणीत ड्रिलिंगवर उभा राहणारा, हे सगळे एका शब्दात गेले. आणि 'गृहिणी'? नवऱ्याचे राखेने भरलेले कपडे रोज झटकून धुणारी बाई गृहिणीच. रस्त्यावर ट्रकमधून पडलेला कोळसा वेचून चूल पेटवणारीही गृहिणीच. तिला धूळ घराबाहेरही आहे आणि घरातही आहे. कागदावर ती कुठेच नाही.

पत्ता नीट लिहिला तर काय होते याचे उदाहरण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा आला, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्या माणसांचे पत्ते नकाशावर मांडले. बहुतेक ठिपके ब्रॉड स्ट्रीटच्या एका पाण्याच्या पंपाभोवती आले. त्या काळात जंतूची कल्पनाही मान्य नव्हती. पण मेलेल्यांचे पत्ते बघून पंपाचे हँडल काढायला लावले गेले. आपल्याकडे हँडल सगळ्यांना दिसते, नकाशा कोणी काढत नाही.

नकाशा का लागतो? कारण एका पेशंटचे कारण कधीच सिद्ध करता येत नाही. जनसुनावणीत एखादी आई पोराला उभे करते आणि सांगते, याला तुमच्या राखेने दमा झाला. समोरचा साहेब सभ्यपणे म्हणतो, ताई, तुमच्याकडे चूल आहे, घरात कोणी बिडी ओढते, दमा आनुवंशिकही असतो. आणि साहेब खोटे बोलत नसतो. चुलीचा धूर वाईटच आहे, बिडी वाईटच आहे. तुमच्या खर्ऱ्याबद्दल तर मी या पानावर परत लिहीनच, त्याने तोंडाचे वाटोळे होते. पण खर्ऱ्याने दमा होत नाही आणि तिसरीतले पोर बिडी ओढत नाही. चूल तर राखेच्या बंधाऱ्यापासून तीस किलोमीटरवरच्या गावातही आहे. त्या गावातल्या शंभर पोरांत किती जणांना पंप लागतो आणि बंधाऱ्याजवळच्या वस्तीतल्या शंभर पोरांत किती जणांना, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तरच चूल बाजूला होते आणि राख समोर येते. ही तुलना करायला मोठे यंत्र लागत नाही. केसपेपरवर वॉर्ड, वस्ती आणि काम लिहायला लागते. ते लिहिले जात नाही, आणि मग 'पुरावा नाही' असा शेरा मारला जातो.

पुरावाच हवा असेल तर प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की सगळे आजार कारखान्यांच्या माथी मारता येत नाहीत. चंद्रपूर-यवतमाळ भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. ते जमिनीतल्या खडकातून येते. त्याचा दोष चिमणीला दिला की आपली बाजू कच्ची होते आणि शुद्ध पाण्याची मागणी जिथे करायची तिथे होत नाही.

आता आपल्याच लोकांचा एक आक्षेप. तरुण मुले मला तोंडावर म्हणतात, "ताई, बाबासाहेब तर कारखान्यांच्या बाजूचे होते. तुम्ही कशाला पर्यावरणवाल्यांच्या नादी लागता? ती शिकल्या-सवरल्या, पोट भरलेल्या लोकांची हौस आहे."

पहिले वाक्य खरे आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीवर जो निबंध लिहिला, त्यातच त्यांनी सांगितले होते की शेतीवर फुकट अडकून पडलेल्या माणसांना कारखान्यांत काम मिळाले पाहिजे. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. स्वस्त आणि भरपूर वीज झाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्याचे चक्र तुटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. गाव आणि चरखा यांच्या गोडव्याला ते भुलले नाहीत. आपल्या आजीला जात्यावरून आणि हाताने मैला उचलण्यावरून सोडवायला यंत्रच लागणार होते.

पण ही मुले अर्धेच वाचतात. डिसेंबर १९४३ मध्ये हेच मजूर मंत्री धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि खाणीत उतरून त्यांनी मजुरांची स्थिती पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यात काय होते? खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे कर, आणि त्या पैशातून खाण मजुरांचे दवाखाने, घरे, पाणी. हे नीट समजून घ्या. ते ऐन महायुद्धाचे दिवस होते, कोळशाशिवाय रेल्वे आणि कारखाने चालणार नव्हते. तरी मजुराच्या आरोग्याचा खर्च कोळशाच्या किमतीतच धरला गेला. दानधर्म म्हणून नाही, कंपनीचा मोठेपणा म्हणून नाही. टनामागे.

माझ्या मते वीज की हवा या भांडणाचे उत्तर या हिशेबात आहे. स्वस्त वीज स्वस्त दिसते कारण तिच्या किमतीतला एक तुकडा कापून बाजूला ठेवलेला असतो. तो तुकडा दुर्गापूर-घुग्घुसच्या घरांत मेडिकल स्टोअरच्या उधारीच्या वहीत असतो. दम्याचा पंप महिन्याला लागतो, संपला की परत लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भरती झाल्यावरचे उपचार आहेत. रोजचा पंप, ओपीडीची तपासणी, भाड्याच्या गाडीचा खर्च आणि बुडालेली रोजी त्यात नाही. म्हणजे माणूस गुदमरून भरती झाला तर योजना, आणि गुदमरू नये म्हणून औषध घेतले तर खिसा.

आणि ज्याचा खिसा आहे त्याला प्रकल्पातून मिळाले काय? जमीन गेली तेव्हा ज्याचा सातबारा त्याला मोबदला, त्याला प्रकल्पग्रस्ताचे प्रमाणपत्र, त्याच्या पोराला नोकरीची आशा. ते योग्यच होते. पण आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांकडे सातबाराच नव्हता. ते दुसऱ्याच्या शेतात राबत होते, गावठाणाच्या कडेला राहत होते. शेत गेले तसे त्यांचे कामही गेले, पण कागदावर त्यांचे काहीच गेले नाही. पुढे त्यांचीच पोरे ठेकेदाराकडे राख उचलायला लागली. राख सातबारा बघून पडत नाही.

म्हणून 'रोजगार पाहिजे की पर्यावरण' असा प्रश्न कोणी विचारला की मी उलट विचारते, कोणता रोजगार? कायम कामगाराला वैद्यकीय सुविधा, दरवर्षी तपासणी, छातीचा एक्स-रे. त्याच पट्ट्याखाली काम करणाऱ्या ठेका कामगाराला ठेकेदार बदलला की नवा गेटपास. आजार पंधरा वर्षांनी दिसतो, तोवर पाच ठेकेदार बदललेले असतात. सिलिकोसिस निघाला तर तो कोणाच्या कामावर झाला? १९४८ च्या कारखाना कायद्यापासून हा आजार डॉक्टरने सरकारला कळवायचा आजार आहे. पण डॉक्टरला कळायला तर हवे, की समोरचा 'मजुरी' म्हणजे नक्की काय करत होता. परत तोच रकाना.

पर्यावरणवाल्यांनाही दोन शब्द. ताडोबा आमच्या शेजारी आहे. वाघाचा मार्ग अडतो म्हणून खाणीला विरोध झाला की मोठ्या शहरांतून निवेदने येतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. चांगले आहे. वाघ वाचला पाहिजे, जंगल राहिले तर आपलेही पाणी राहील. पण वाघासाठी जो माणूस इतक्या लांबून येतो, त्याने परतीच्या वाटेवर एकदा राखेच्या बंधाऱ्याखालच्या वस्तीत चहा घ्यावा. कपबशी आधी पुसून घ्यावी. त्या वस्तीचा प्रश्न ज्या पर्यावरणात बसत नाही, त्या पर्यावरणाला आमची मुले हौस म्हणतात, त्यात त्यांचा फार दोष नाही.

नियमांची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर संताप होतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी नवे नियम काढले. त्यात सल्फर डायऑक्साइड वायूची मर्यादा होती. हा वायू हवेत गेला की त्याचेही बारीक कण होतात, तेच पीएम २.५. मुदत दोन वर्षांची होती. ती २०१७ ला संपली. मग वाढली, परत वाढली, परत वाढली. जुलै २०२५ मध्ये सरकारने देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना या वायूसाठी वेगळे यंत्र बसवण्यापासून सूटच दिली. सरकारचा युक्तिवाद असा की आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि यंत्र महाग आहे, वीज महागेल. गंधक कमी आहे हे खरे आहे. दहा लाखांहून मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांना यंत्र बसवावेच लागेल. अतिप्रदूषित पट्ट्यांजवळ आणि मानके न पाळणाऱ्या शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण बघून. बाकी सगळे मोकळे. गाव जितके लहान तितकी सूट मोठी, असा त्याचा सरळ अर्थ. चंद्रपूरवाल्यांनी 'एकेक प्रकरण' कुठे आणि कधी बघितले जाते यावर डोळा ठेवायला हवा, कारण त्या प्रकरणात तुमची पोरे आहेत.

पैसा नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान झाले. खाणवाला सरकारला जी रॉयल्टी देतो, तिच्या वर आणखी रक्कम या प्रतिष्ठानात जमा होते. जुन्या खाणपट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातून दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यातला किमान ६० टक्के पैसा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण, महिला-बालकल्याण अशा कामांवर जायला हवा होता. १९४४ च्या टनामागच्या कराची ही दूरची नातेवाईकच म्हणा. मग आपल्या भागात त्या पैशातून फुप्फुस तपासायचे स्पायरोमीटर किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत आले? ते चालवायला माणूस शिकवला का? दम्याचे पंप ओपीडीत बाराही महिने मिळतात का? की गट्टू बसले, प्रवेशद्वार झाले, हायमास्ट लागला? आपल्या वस्तीत समाजमंदिरापुढे गट्टू बसले की आपण नेत्याचा सत्कार करतो. गट्टू धुळीचेच सिमेंट खातात आणि वर आपल्यालाच उपकार दिसतात. हा निधी खाणबाधितांचा आहे. वीज केंद्राच्या राखेसाठी तो थेट नाही, पण आपल्याकडे खाण आणि केंद्र एकाच पंचक्रोशीत आहेत. एकाच छातीत दोन्ही धुळी जातात.

केंद्र उद्या बंद करा असे मी म्हणत नाही. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे दोन जुने संच आधीच निवृत्त झाले, पुढे आणखी होतील. सौर विजेचे दिवस येतातच आहेत. तेव्हा कायम कामगाराची बदली होईल, ठेका कामगाराला गेटपास नाकारला जाईल आणि तो फुप्फुस घेऊन घरी येईल. त्या दिवशी त्याच्याकडे त्याने काय काम केले याचा एक तरी कागद असावा.

तो कागद आपण तयार करू शकतो. प्रत्येक बुद्धविहारात महिला मंडळ आहे, प्रत्येक वस्तीत आशाताई आहे, बहुतेक घरांत दहावी-बारावी झालेली एक मुलगी आहे. एक दोनशे पानी वही घ्या. घरागणिक एक पान. माणसाचे वय, किती वर्षे इथे राहतो, कोणते काम किती वर्षे केले, ठेकेदार कोणते, घरात चूल की गॅस, बिडी आहे का, खोकला किती महिन्यांपासून, पंप लागतो का, टीबी झाला होता का, वर्षात किती वेळा भरती, औषधाला महिन्याला किती. चूल आणि बिडी लपवू नका, तेच समोरचा विचारणार आहे. जमेल तर तीस-चाळीस किलोमीटरवरच्या एखाद्या नातेवाईकाच्या गावात तशीच दुसरी वही करा. दवाखान्यात गेलात की केसपेपर लिहिणाऱ्याला वस्तीचे नाव आणि नेमके काम सांगा. तो लिहीत नसेल तर नम्रपणे परत सांगा. सिस्टर ओळखीची असेल तर माझे नाव घ्या. नसेल ओळखीची तरी ती लिहील, सिस्टर लोकांना कामाचे माणूस कळते.

या नोंदींत आजाराची माहिती आहे, म्हणून वही विहाराच्या कपाटात कुलपात ठेवायची. बाहेर द्यायची ती फक्त बेरीज, नावे नाहीत. टीबीचे नाव फुटले तर मुलीचे लग्न मोडते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

नव्या प्रकल्पाची किंवा वाढीव क्षमतेची जनसुनावणी लागली की ही बेरीज उपयोगी पडते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत असावा लागतो आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत बघायला मिळायला हवा. त्यात आरोग्याचे पान उघडा. बहुतेकदा दवाखाने किती आणि खाटा किती एवढेच असते, छात्यांबद्दल काही नसते. सुनावणीला किती लोक हवेत याची अट नाही. दहा लोक आले तरी ती झाली असे धरले जाते, म्हणून 'आपण नाही गेलो तर होणार नाही' या समजुतीत राहू नका. बोलायला उभे राहता येत नसेल तर लेखी द्या, लेखी निवेदनाची तेवढीच किंमत आहे. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचे असते. तोवर थांबा, जेवणाची गडबड करू नका. कंपनीच्या मंडपात जेवण चांगले असते आणि इतिवृत्त नेमके त्याच वेळी वाचले जाते.

निवेदन दोन प्रतींत न्या. प्रत्येकाने त्यात आपले वय, वस्ती आणि काम लिहावे, 'मजुरी' लिहू नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या आणि ती वहीच्या पहिल्या पानाला टाचणीने लावून ठेवा.